क्रिप्टो एक्स्चेंज निवडायचंय? आधी पैसे बाहेर काढून बघा

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून, म्हणजे कॉइनच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरचे, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांचे कॉइन चोरीला गेले. वझीरएक्स हे तेव्हा देशातल्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजपैकी एक होतं. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेतला सुमारे ४५ टक्के हिस्सा या चोरीत गेला. त्या वॉलेटमधून पैसे हलवायला सहापैकी चार सह्या लागत. तीन एक्स्चेंजच्या माणसांच्या आणि चौथी वॉलेट सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीची. चारही झाल्या. सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्यावरच होत होती, असं एक्स्चेंजने नंतर सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदन काढून या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला.

नवख्या माणसाने या प्रकरणातली चोरीपेक्षा तिच्यानंतरची गोष्ट नीट समजून घ्यावी. चोरीला गेलेले कॉइन मुख्यतः इथेरियम नेटवर्कवरचे होते. तरीही ज्यांच्याकडे फक्त बिटकॉइन होते, त्यांचेही अडकले. कॉइन काढणं सगळ्यांसाठी बंद झालं, आणि रुपयांतली शिल्लकसुद्धा सुरुवातीला पूर्ण काढता आली नाही. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं, तिथे नुकसान सर्व ग्राहकांत वाटून घ्यायची योजना अखेर मंजूर झाली, आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं ते २४ ऑक्टोबर २०२५ ला. मधल्या पंधरा महिन्यांत बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला. अ‍ॅपमध्ये आकडा दिसत होता, पण तो विकता येत नव्हता.

म्हणून ‘सगळ्यात चांगलं अ‍ॅप कुठलं?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका. त्याचं उत्तर देणाऱ्या बहुतेक व्हिडिओंच्या खाली रेफरल लिंक असते, म्हणजे तिच्यावरून तुम्ही खातं उघडलंत की सांगणाऱ्याला मोबदला. आपले रुपये आणि आपले कॉइन इथून बाहेर कसे निघतात, आणि नाही निघाले तर दाद कुणाकडे मागायची, हे विचारा. पैसे आत घेण्यात सगळीच एक्स्चेंज तत्पर असतात.

एका छपराखाली चार दुकानं

शेअर घेताना आपल्या लक्षात येत नाही, पण तिथे कामं वाटलेली असतात. ऑर्डर ब्रोकर घेतो, सौदा एनएसई किंवा बीएसईवर जुळतो, हिशेब क्लिअरिंग कॉर्पोरेशन मिटवतं आणि शेअर राहतात एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे, आपल्या नावाच्या डीमॅट खात्यात. या सगळ्यांवर सेबी बसलेली आहे. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याचं उघड झालं, तेव्हा सेबीच्या आदेशावरून ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या डीमॅट खात्यांत परत आणता आले. शेअर कुणाचे, याची नोंद ब्रोकरच्या बाहेर होती म्हणून हे जमलं.

क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये ब्रोकर तेच, बाजार तेच, हिशेबनीस तेच आणि तिजोरीवालेही तेच. तुम्ही ‘बिटकॉइन घेतला’ म्हणता, तेव्हा बहुतेक वेळा ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, तुमच्या नावाने काहीच हलत नाही. एक्स्चेंजच्या स्वतःच्या खातेवहीत तुमच्या नावापुढे एक आकडा वाढतो, एवढंच. खरे कॉइन त्यांच्या सामायिक वॉलेटमध्ये असतात आणि त्या वॉलेटच्या किल्ल्या त्यांच्याकडे. कॉइन काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतल्यावरच ते खऱ्या अर्थाने तुमच्या ताब्यात येतात.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. इथे तसा विमा नाही, सेबीकडे तक्रारीची सोयही नाही. क्रिप्टोच्या जाहिरातींत घाईघाईने वाचून दाखवली जाणारी सूचना हेच सांगत असते: या उत्पादनांवर नियामक नाही आणि नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसू शकते. २०२२ पासून ती सूचना देणं जाहिरातदारांना बंधनकारक आहे. आपण मात्र ती म्युच्युअल फंडाच्या सूचनेइतक्याच सहजपणे कानाआड करतो.

यादीत नाव असणं म्हणजे काय

मग सरकारचं काहीच नियंत्रण नाही का? थोडं आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोशी संबंध तोडायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. आता भारतीय ग्राहकांना सेवा द्यायची तर अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी लागते. मग कंपनी परदेशातली का असेना. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने बायनान्स, कूकॉइन, क्रॅकेन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा पाठवल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची संकेतस्थळं इथे बंद झाली. बायनान्सला २०२४ मध्ये १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला आणि नोंदणी करूनच परत यावं लागलं.

तेव्हा पहिली चाळणी सोपी आहे: एफआययूकडे नोंदणी नसलेलं एक्स्चेंज वापरायचं नाही. एका सकाळी अ‍ॅप उघडेनासं झालं तर पैसे काढायला व्हीपीएनच्या मागे धावायची वेळ येते.

पण या नोंदणीचा अर्थ जास्त ताणू नका. काळा पैसा रोखायला ग्राहकांची ओळख तपासली जाते का, संशयास्पद व्यवहार कळवले जातात का, इतकंच ती बघते. तुमचे कॉइन सुरक्षित आहेत का, एक्स्चेंजकडे ते पुरेसे आहेत का, याची हमी त्यात नाही. वझीरएक्सही नोंदणीकृतच होतं. ‘एफआययू रजिस्टर्ड’ हा शिक्का जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसला की हे आठवा.

आणि जे अ‍ॅप टेलिग्राम ग्रुपमधून, लग्न जुळवणाऱ्या साइटवर ओळख झालेल्या कुणाकडून किंवा ‘रोज एक टक्का’ सांगणाऱ्या दूरच्या भाच्याकडून आलंय, त्याला ही चाळणीसुद्धा लावत बसू नका. अशा अ‍ॅपमध्ये नफा छान वाढताना दिसतो. काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. खरं एक्स्चेंज पैसे सोडण्यासाठी वेगळे पैसे मागत नाही. ठरलेल्या परताव्याचं आमिष महाराष्ट्राला नवं नाही. महिन्याला १० टक्के बिटकॉइन, तेही १८ महिने, असं सांगणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेच्या सूत्रधाराला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली, आणि त्या प्रकरणाचा तपास पुढे सीबीआयकडे गेला.

करार नेमका कुणाशी?

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अ‍ॅपचं नाव एक असतं, कंपनी दुसरीच असते, आणि कधीकधी दोन कंपन्या असतात. वझीरएक्सच्या ग्राहकांना जुलै २०२४ नंतर कळलं की रुपयांचा व्यवहार भारतातली झनमाई लॅब्ज बघते आणि क्रिप्टोचा भाग सिंगापूरच्या झेट्टाई या कंपनीकडे आहे. म्हणून तर मुंबईच्या एक्स्चेंजचा निकाल सिंगापूरमध्ये लागला. त्याआधी २०१९ मध्ये बायनान्सने वझीरएक्स विकत घेतल्याचं जाहीर झालं होतं. २०२२ मध्ये ईडीची कारवाई झाली तेव्हा बायनान्सच्या प्रमुखांनी सांगितलं की तो सौदा कधी पुरा झालाच नाही. ‘मागे मोठी कंपनी आहे’ या भरवशावर खातं उघडलेल्यांपुढे एक्स्चेंजचा मालक कोण, हाच वाद होऊन बसला.

खातं उघडण्याआधी ‘टर्म्स ऑफ यूज’ पूर्ण वाचणार नाही, हे धरूनच चालतो. निदान तीन गोष्टी शोधा. करार करणाऱ्या कंपनीचं नाव काय आणि ती कुठल्या देशातली. वाद झाला तर कुठल्या शहरात, कुठल्या कायद्याने. आणि तुमचे कॉइन ते तुमच्या वतीने सांभाळतात, की ते वापरायचा, उसने द्यायचा हक्क स्वतःकडे ठेवतात. ‘अर्न’, ‘स्टेकिंग’, ‘व्याज मिळवा’ अशा नावाच्या सोयींत हा हक्क बहुधा दिलेला असतो. भारतीय ग्राहकांना व्याजाचं आमिष दाखवणाऱ्या, सिंगापुरात मुख्यालय असलेल्या वॉल्ड या कंपनीने जुलै २०२२ मध्ये पैसे काढणं थांबवलं, ते याच धंद्यातून. नवख्याने त्या टॅबला हात न लावलेला बरा.

या अंधारात थोडा उजेड आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वझीरएक्सच्याच एका ग्राहक महिलेच्या प्रकरणात म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते. त्या ग्राहकाकडचे कॉइन चोरीला गेलेल्या प्रकारातले नव्हते, तेव्हा इतरांचं नुकसान तिच्या माथी कसं मारायचं, असा मुद्दा होता. निकाल दिलासा देणारा आहे, पण त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हेही खरंच. दहा हजारांसाठी कोण चढणार?

चोरी होणारच नाही, असं नाही

‘आमच्याकडे ९५ टक्के कॉइन कोल्ड वॉलेटमध्ये’ असं प्रत्येक एक्स्चेंज सांगतं. कोल्ड वॉलेट म्हणजे ज्याच्या किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या असतात ते. रोजच्या देवघेवीसाठी जोडलेलं ते हॉट. फरक खरा आहे, पण तुम्ही-आम्ही तो बाहेरून तपासू शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचे इथेरियम गेले, तेही कोल्ड वॉलेटमधूनच.

‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ हा दुसरा शब्द कानावर पडेल. ग्राहकांची जेवढी शिल्लक आहे तेवढे कॉइन आमच्या वॉलेटमध्ये आहेत, असं दाखवणारा तो अहवाल. नसल्यापेक्षा असलेला चांगला. काही एक्स्चेंज तर आपली शिल्लक त्यात धरली आहे का, हे ग्राहकाला स्वतः पडताळू देतात. मात्र तो एका दिवसाचा फोटो असतो. त्या दिवशी कॉइन कुणाकडून उसने आणले होते का, कंपनीवर कर्ज किती आहे, हे त्यात दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळलेल्या एफटीएक्स या परदेशी एक्स्चेंजचं दुखणं हॅकिंगचं नव्हतंच. ग्राहकांचा पैसा मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने वापरला होता. मालकाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

मला यापेक्षा उपयोगाची वाटते ती एक्स्चेंजची जुनी वागणूक. १९ जुलै २०२५ रोजी कॉइनडीसीएक्समधून सुमारे साडेचार कोटी डॉलर गेले. पैसा कंपनीच्या अंतर्गत खात्यातला होता, ग्राहकांच्या वॉलेटमधला नव्हता. नुकसान कंपनीने आपल्या गंगाजळीतून सोसलं आणि ग्राहकांचे व्यवहार चालू राहिले. चोरीची बातमी कंपनीच्या आधी एका बाहेरच्या तपासनीसाने फोडली, ही बाब मात्र त्यांच्या खात्यावर उणीच धरायला हवी. एक्स्चेंजच्या नावाबरोबर ‘विथड्रॉवल’ हा शब्द टाकून शोध घ्या. बाजार कोसळला त्या दिवशी अ‍ॅप चालत होतं का? पैसे अडकल्याच्या तक्रारींना माणूस उत्तर देतो की साच्यातलं वाक्य?

फुकट दिसणारं महाग कसं पडतं

‘शून्य ब्रोकरेज’ वाचलं की एक काम करा. एकाच क्षणी त्या कॉइनचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव बघा. खरेदी १०० आणि विक्री ९७ असेल, तर तीन रुपये तिथेच गेले. त्याला स्प्रेड म्हणतात. एका बोटात खरेदी करून देणाऱ्या साध्या अ‍ॅपमध्ये तो जास्त असतो. ज्यात ऑर्डर बुक दिसतं, म्हणजे कोण कितीला घ्यायला-विकायला बसलंय ते दिसतं, तिथे फी वेगळी लागते पण भाव बहुधा बरा मिळतो. फीवर १८ टक्के जीएसटी असतो. पाचशे कॉइनची यादी हा गुण मानू नका. त्यातल्या बऱ्याच कॉइनना रुपयांत गिऱ्हाईकच नसतं, आणि विकायला गेलात की तुमच्याच ऑर्डरने भाव खाली येतो.

खरा खर्च मात्र कराचा आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस. खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा मिळत नाही आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. समजा बिटकॉइनवर ५,००० रुपये सुटले आणि दुसऱ्या एका कॉइनवर ४,००० बुडाले. हाती राहिले १,०००. कर मात्र ५,००० वर: १,५०० आणि ४ टक्के सेस धरून १,५६०. वर्षभर डोकं लावून ५६० रुपये खिशातून गेले.

शिवाय विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. तोट्यात विकलंत तरी कापतात, आणि एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी लागतो. तो रिटर्नमध्ये जमा धरला जातो, पण वर्षात वीस वेळा दहा हजारांची उलाढाल केली तर दोन हजार रुपये तोवर सरकारकडे पडून. भारतीय एक्स्चेंजवर हे काम ते स्वतः करतात. परदेशी एक्स्चेंजवर किंवा थेट माणसाकडून घेतलंत तर ती जबाबदारी तुमच्या अंगावर येऊ शकते. म्हणून एक्स्चेंज बघताना वर्षाअखेरीचा कर-अहवाल मिळतो का आणि टीडीएस तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत (२६एएस) दिसतो का, हे मी फीच्या आधी बघेन. टीडीएस चुकवायचा म्हणून काही अ‍ॅप फ्युचर्सकडे, म्हणजे कॉइन न घेता त्याच्या भावावर लावलेल्या सौद्यांकडे ढकलतात, दहापट-वीसपट उधारीवर. पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नका.

हजार रुपयांची फेरी

दोन-तीन नावं उरली की कागद बाजूला ठेवा आणि प्रत्येकात हजारेक रुपये घाला. केवायसी करा, रुपये भरा, थोडा बिटकॉइन घ्या, लगेच विका आणि रुपये आपल्या बँकेत परत मागवा. किती परत आले, किती वेळात आले, बँकेने काही कुरकुर केली का, सगळं कळेल. या फेरीत पन्नास-साठ रुपये गेले तर ती फी समजा.

दुसरी फेरी कॉइनची. एक्स्चेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये कॉइन काढता येतात का? काही भारतीय अ‍ॅपमध्ये ही सोयच नसते किंवा ठरावीक कॉइनपुरती असते. असली तर कमीत कमी किती काढता येतात आणि नेटवर्कची फी किती, ते बघा. हजार रुपयांतले तीनशे फीतच जाणार असतील तर प्रत्यक्ष काढू नका, पण रस्ता उघडा आहे याची खात्री करा. पाठवताना नेटवर्क तेच निवडा जे समोरच्या वॉलेटला चालतं. चुकीच्या पत्त्यावर गेलेला कॉइन परत आणायला कुठलीच शाखा, कुठलाच मॅनेजर नाही.

पी२पी, म्हणजे अनोळखी माणसाच्या खात्यातून रुपये घेऊन त्याला कॉइन देणं, यापासून लांब राहा. समोरच्याने पाठवलेला पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार झाल्यावर तो पैसा ज्या खात्यात पोचला ते तुमचं खातं गोठतं. मग तेलंगणातल्या किंवा गुजरातेतल्या एखाद्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसायचं, आणि इकडे घराचा हप्ता त्याच खात्यातून जायचा असतो.

किती रक्कम ठेवायची? वझीरएक्सचे पंधरा महिने माप म्हणून वापरा. तेवढा काळ अडकली तरी घरात कुणाला कळणार नाही, इतकीच रक्कम एक्स्चेंजवर. त्याहून वाढली की स्वतःचं वॉलेट शिकून घ्या, पण शिकल्याशिवाय घाई नको. त्याची किल्ली असलेले बारा किंवा चोवीस शब्द हरवले तर कॉइन कायमचे गेले, आणि दुसऱ्याच्या हाती लागले तर तुमचे राहिले नाहीत. ते शब्द फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे नसतात. एक्स्चेंजच्या खात्याला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपचं कुलूप लावा.

घरच्यांपैकी एकाला तरी सांगून ठेवा की असं खातं आहे आणि कुठल्या नावाच्या कंपनीत. वारसांना कॉइन द्यायची पद्धत काय, हे एक्स्चेंजच्या सपोर्टला पैसे भरण्यापूर्वीच विचारा. उत्तर यायला किती दिवस लागतात, यावरूनही बरंच कळतं. आणि व्यवहारांचा पूर्ण तपशील दर तीन महिन्यांनी डाउनलोड करून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवत जा. अ‍ॅप बंद पडलं तरी रिटर्नची मुदत पुढे जात नाही, आणि सीएला खरेदीची तारीख आणि किंमत लागतेच.